आहार बदलायचा नाही

आमच्या घरात सगळ्यात खालचा नंबर माझा. हे रडगाणं नाही, कामाची वाटणीच तशी आहे. मी घेवडा वाढवतो. घेवड्याच्या पानांवर लाल कोळी सोडतात, ते पानांचा रस शोषून फोफावतात. त्या लाल कोळ्यांवर शिकारी कोळी सोडतात, ते लाल कोळ्यांना खाऊन फोफावतात. हे शिकारी आम्ही बाटल्यांत भरून फुलांच्या आणि भाज्यांच्या बागायतदारांना विकतो, मग शिकारी तिथल्या लाल कोळ्यांचा फडशा पाडतात. दोन्ही जातींचे जीव टाचणीच्या टोकाएवढे. आणि या सगळ्यांच्या वर माझी बायको. तिला कोणी खात नाही.

तिला सगळे आत्याच म्हणतात. तिच्या दोन भाच्या म्हणतात म्हणून बाटल्या भरणाऱ्या बायका म्हणतात, माल न्यायला येणारा ड्रायव्हर म्हणतो, आणि तिच्या माघारी मीही म्हणतो. कोळ्यांच्या आहारावर तिने उभं आयुष्य घातलं. कोणत्या मादीला काय खाऊ घातलं की ती किती अंडी घालते, पिल्लं किती जगतात, किती लवकर मोठी होतात, हे तिला तोंडपाठ. माणसांना जेवलात का म्हणून विचारायला मात्र ती विसरते.

आमच्या जागेची रचना एका रांगेत आहे. आधी माझं घेवड्याचं काचघर, मग लाल कोळ्यांची खोली, जिला आम्ही खाद्याची खोली म्हणतो, आणि शेवटी शिकाऱ्यांच्या दोन खोल्या. नियम एकच, पुढे जायचं, मागे यायचं नाही. सकाळी घेवड्यापासून सुरुवात करायची आणि शिकाऱ्यांपाशी संपवायचं. एकदा शिकाऱ्यांच्या खोलीत पाऊल टाकलं की आंघोळ करून, कपडे बदलल्याशिवाय खाद्याच्या खोलीत फिरकायचं नाही. कारण बाहीवर बसून एखादी भरल्या पोटाची शिकारी मादी तिथे गेली तर तिच्यासारखी चैन कोणाची नाही. समोर खाद्यच खाद्य, आणि तिच्या लेकींच्या लेकी होईपर्यंत कोणाला पत्ता लागत नाही. मग एक दिवस खाद्याची खोली रिकामी असते.

भाच्यांचं सांगतो. माझा मेव्हणा आणि त्याची बायको अपघातात गेले तेव्हा थोरली नऊ वर्षांची होती आणि धाकटी सहा. आम्हाला मूलबाळ नव्हतं, आम्ही दोघींना घेऊन आलो. थोरलीला धाकटी ताई म्हणायची, म्हणून आम्हीही ताईच म्हणू लागलो. धाकटीचं नाव काडी पडलं, आणि ते का पडलं हे सांगायला मला आवडत नाही. सकाळी ताईच्या ताटलीत अख्खं अंडं असायचं आणि काडीच्या ताटलीत अर्धं. ताईला पेलाभर दूध, काडीला पेल्याच्या तळाशी. मला आधी वाटलं, धाकटीचं पोट लहान म्हणून असेल. मग एक दिवस विचारलं.

"दोघींना सारखंच दिलं तर कळणार काय?" बायको म्हणाली. ती हसली नाही, म्हणजे ती थट्टा नव्हती.

तिचं म्हणणं असं की, पोटभर खाऊन वाढलेली मादी मोठी होते, अंडी भरपूर घालते आणि एका पानावर सुखाने बसते. अर्धपोटी वाढलेली बारकी राहते, अंडी कमी घालते, पण सारखी चालत असते, सारखी हुंगत असते. हे कोळ्यांच्या बाबतीत खरं आहे. माझ्या बायकोने ते घरात लावून बघितलं, एवढंच. ताई आपल्या अंड्यातलं अर्धं फ्रॉकच्या खिशात लपवून काडीला न्यायची. काडी ते भिंतीकडे तोंड करून खायची. बायकोला कळल्यावर ती ओरडली नाही, तिने ताईच्या सगळ्या फ्रॉकचे खिसे शिवून टाकले.

ताईने चांगलं बाळसं धरलं, हसरी निघाली, वेंधळी निघाली, लग्न करून गेली. काडी इथेच राहिली. चणीने बारकी, बोलणं मोजकं, नजर मात्र अशी की मायक्रोस्कोपला लाजवील. मग गेल्या वर्षी जावईबापूंनी दुसरीकडे संसार थाटला आणि ताई एक बॅग घेऊन परत आली. तिला दिवस गेले होते. त्याच सुमाराला बायकोचे डोळे गेले. पूर्ण नाही, पण नजरेच्या मधोमध एक काळा डाग, जिकडे बघावं तिकडे तोच. कोळ्यांच्या धंद्यात यापुढे तिचा उपयोग माझ्याइतकाच होता, आणि हे तिला सहन होईना.

तिने दोघींना जेवणाच्या टेबलाशी बोलावलं.

"मी आता जागा एकीच्या नावावर करणार आहे," ती म्हणाली. "धंदाही आणि घरही. दोघींना देणार नाही. दोन माद्या एका पानावर ठेवल्या की काय होतं ते तुम्हाला माहीत आहे."

"आत्या, अहो आम्ही बहिणी आहोत," ताई म्हणाली.

"म्हणून तर सांगतेय. दोघींना एकेक खोली. शिकारी एकाच पानावरचे, वयाने सारखे. ताईच्या खोलीचा आहार लाल कोळी. काडीच्या खोलीचा आहार पराग. हंगाम संपला की जिच्या पानांवर जास्त जीव ती इथे राहील, दुसरीने आपलं बघायचं. आहार बदलायचा नाही, दुसऱ्या खोलीतून काही आणायचं नाही. बाकी काहीही करा."

मी म्हटलं, "अगं, ती दोन जिवांची बाई आहे. जाईल कुठे?"

"म्हणून तर तिला लाल कोळी दिलेत," बायको म्हणाली. "आणखी काय करू?"

आमचे शिकारी फुलांच्या परागावरही जगतात हे खरं, पण पराग म्हणजे त्यांना नुसती तोंडाला चव. लाल कोळी खाणारी मादी तांबूस होते, फुगते आणि आपल्या निम्म्या अंगाएवढं लांबट अंडं घालते, पुन्हा खाते, पुन्हा घालते. परागावरची मादी फिकट राहते आणि हात आखडून अंडी घालते. म्हणजे काडीला पुन्हा अर्धी ताटली मिळाली होती. ती उठली आणि खोली पुसायला गेली.

ताईची खोली बघता बघता भरली. ती सकाळी माझ्याकडून घेवड्याच्या कुंड्या न्यायची, खाद्याच्या खोलीत लावायची, लाल कोळ्यांनी लगडलेली पानं तोडून आपल्या खोलीत शिकाऱ्यांना घालायची. पोट वाढत होतं, दम लागायचा, तरी गाणं गुणगुणायची. काडीकडे आधी सगळी रडकथाच होती. मक्याचा पराग घातला तर पिल्लं मधेच मरायची. दुसऱ्या एका फुलाचा घातला तर माद्या जगायच्या पण अंडी घालायच्या नाहीत. काडी हटली नाही. रस्त्याकडेला उगवतं ते सगळं झाडून-पाखडून आणायची, वाळवायची, एकेका पानावर घालून बघायची. शेवटी एरंडाच्या परागावर तिच्या माद्यांनी जोर धरला. नियम परागाचा होता, कोणत्या फुलाचा ते बायकोने सांगितलं नव्हतं. पानांवर अंडी दिसायला लागली. तरी ताईच्या पासंगालाही ती पुरत नव्हती, आणि हे दोघींना दिसत होतं.

त्या दुपारी मी कुंड्या ठेवायला मधल्या बोळात गेलो होतो. काडीच्या खोलीचं दार उघडं होतं आणि ताई आत उभी होती, ॲप्रन घालून, एक हात कमरेवर ठेवून.

"मी काल रात्रभर विचार केला," ताई म्हणत होती. "आत्याला एकीच्या नावावर करायचंय ना, करू दे. कागद माझ्या नावाचा झाला तरी तू कुठे जाणारेस? इथेच राहायचं. निम्मं तुझं. बाळाला मावशी नको का?"

काडी मायक्रोस्कोपसमोरच्या स्टुलावरून उठली.

"आत्याला कळलं तर?"

"आत्याला आता काय दिसतंय?" ताई हसली आणि तिने काडीला जवळ घेतलं. चांगली घट्ट मिठी मारली, पोट मधे येत होतं तरी. काडीने मान खाली घातली आणि ताईच्या खांद्याकडे, बाहीकडे बघत राहिली. मला वाटलं, पोरीला भरून आलं.

तेवढ्यात खाद्याच्या खोलीकडून पाण्याचा आवाज यायला लागला. ताईने कुंड्यांना पाणी द्यायला पंप सुरू केला होता आणि बहिणीशी बोलायच्या नादात विसरली होती. "अगं बाई, पंप," म्हणत ती वळली आणि तडक निघाली. मागे. ॲप्रनसकट.

काडीने तोंड उघडलं. मिटलं. मग म्हणाली, "सावकाश जा ताई, पायरी ओली आहे."

मला काय, मी हातातल्या कुंड्या सांभाळत होतो, आणि काळजीचं बोलणं ऐकून बरं वाटलं. या घरात असं कोणी बोलत नाही. ताईने पंप बंद केला, पाण्यात उभ्या असलेल्या कुंड्या छातीशी धरून एकेक करून वरच्या फळीवर ठेवल्या आणि घामाघूम होऊन बाहेर आली.

पुढे जे झालं ते हळूहळू झालं, म्हणून कोणाच्या लक्षात आलं नाही. खाद्याच्या खोलीत लाल कोळी विरळ व्हायला लागले. ताईला वाटलं, त्या दिवशी मुळांत पाणी साचलं, झाडं रुसली, झाडं रुसली म्हणून कोळी रुसले. तिने माझ्याकडून नवा घेवडा नेला. मी चांगला टवटवीत दिला. त्याच्यावरही कोळी टिकेनात. पानं हिरवीगार राहायला लागली, आणि आमच्या धंद्यात खाद्याच्या खोलीतलं हिरवंगार पान म्हणजे दिवाळ्याची खूण. शेवटी तिने एक पान मायक्रोस्कोपखाली धरलं. लाल कोळ्यांची नुसती सुकलेली कातडी, आणि त्यांच्यामधून तुरुतुरु चालणारे शिकारी. लाल, फुगलेले, सुखी.

खोली झाडून, जाळून, धुऊन पुन्हा भरायला हंगाम लागतो. ताईजवळ हंगाम नव्हता. आणि तिच्या स्वतःच्या खोलीतले शिकारी उपाशी होते.

मी हे सगळं जुळवलं तेव्हा मला ती ओली पायरी आठवली. काडीच्या खोलीसमोरून जाताना पाहिलं. बोळातली पायरी माझ्या देखत कधी ओली झालेली नाही, पाणी तिथवर येतच नाही. रात्री जेवताना मी बायकोला सांगितलं.

ती घास चावत राहिली. मग म्हणाली, "दुसऱ्या खोलीतून काही आणायचं नाही असं मी सांगितलं होतं. काडीने कुठे काय नेलं? ताई स्वतःच्या पायांनी गेली."

"तिला थांबवायला नको होतं?"

"थांबवायचं असं मी कुठे म्हटलं होतं?"

अशा बाईशी मी संसार केला आहे. आणि खरं सांगायचं तर मी जेवणही संपवलं.

ताईच्या खोलीत आधी माद्यांनी अंडी घालणं थांबवलं. उपाशी मादी तेवढी शहाणी असते, पोटातलं पोटातच ठेवते. रंग उतरला, फुगलेल्या माद्या चपट्या झाल्या. पानाखालच्या ओल्या स्पंजचं पाणी पिऊन त्या पानभर फिरायच्या, काठाला जायच्या, त्या पळू नयेत म्हणून भोवती सोडलेलं पाणी बघून परत यायच्या. मग एका सकाळी ताईने मला हाक मारली.

"आतोबा, जरा बघता का? मला कळत नाहीये काय करतेय ती."

मी डोळा लावला. एक मादी आपल्या अंड्याशी उभी होती. पुढच्या पायांनी तिने ते चाचपलं, एका बाजूने, दुसऱ्या बाजूने. मग तोंड खुपसलं. अंडं हळूहळू आत बसत गेलं आणि शेवटी दुधावरच्या सायीसारखं पातळ काहीतरी उरलं. ती पुढच्या अंड्याकडे गेली. मी बाजूला झालो तर ताई पुन्हा बघायला बसली. मला ते बघवलं नाही, आणि ती कशी बघत होती हे आजही मला समजत नाही.

"तिला कळतं का हो, आपलं आहे ते?" तिने विचारलं.

उत्तर दारातून आलं. भिंतीला हात लावत बायको तिथवर आली होती. "कळलं तरी काय? अंड्यात घातलेलं परत पोटात घेतेय. मी तिच्या जागी असते तर हेच केलं असतं."

दुपारी ताई काडीच्या दाराशी गेली. या वेळी ती आत शिरली नाही. उंबऱ्याशी उभी राहिली आणि मीही बोळात उभा राहिलो, कारण मला काडीच्या तोंडून काहीतरी बरं ऐकायचं होतं.

"थोडा पराग दे गं," ताई म्हणाली. "एरंडाचा. चिमूटभर. जिंकायचं नाहीये मला. नुसत्या जगल्या तरी चालेल, अगदीच भोपळा नको."

काडीने भिंगातून डोळा काढला नाही. "तुझ्या खोलीचा आहार लाल कोळी आहे."

"लाल कोळी राहिलेत कुठे?"

"ते मला काय माहीत? आहार बदलायचा नाही, आत्याने सांगितलंय. विचार तिला."

ताईने विचारलं नाही. कुणाला विचारायचं आणि कुणाला नाही एवढं तिलाही कळत होतं. ती आपल्या खोलीत जाऊन स्टुलावर बसली, आणि त्या दिवसापासून तिचं गुणगुणणं मी ऐकलं नाही.

हंगाम संपला तेव्हा मोजायला ताईकडे काही नव्हतं. अंडी गेली, मग पिल्लं गेली, मग मोठ्यांनी एकमेकांना खाल्लं. काडीच्या पानांवर मात्र फिकट, बारके, पण असंख्य जीव धावत होते. बायकोने पानाला कान लावावा तसा चेहरा जवळ नेला, तिला काही दिसलं नाही, तरी तिने मान डोलावली. कागद काडीच्या नावाचा झाला. काडीने सही करताना चष्मा पुसला, तेवढाच आनंद मला तिच्या हालचालीत दिसला.

ताईला एका मैत्रिणीच्या ओळखीने बायकांच्या वसतिगृहात खोली मिळाली. बाळंतपणापर्यंत ठेवू म्हणाले होते, पुढचं पुढे. ती निघाली त्या सकाळी बायको खिडकीशी खुर्ची टाकून बसली आणि मी शेजारी उभा. फाटक समोरच होतं आणि खिडकी उघडी होती. माल नेणाऱ्या ड्रायव्हरने बॅग गाडीत ठेवली.

"काय दिसतंय?" बायकोने विचारलं.

"काडी आलीय फाटकाशी."

"रडतंय का कोणी?"

"नाही."

"मग बरं."

ताई काडीशी बोलत होती आणि मला शब्दन् शब्द ऐकू येत होता. "मला परवा आठवलं," ती म्हणाली. "खाद्याच्या खोलीत शिकारी गेले ते माझ्याच अंगावरून गं. तुला मिठी मारली आणि तशीच पंप बंद करायला पळाले. इतक्या वर्षांचं खाद्य माझ्या वेंधळेपणाने गेलं. तुला सगळं नव्याने उभं करावं लागणार आता. रागावू नकोस."

"नाही रागावत."

"तुझं लक्ष असतं तर तू थांबवलंच असतंस मला."

"हो," काडी म्हणाली. "थांबवलं असतं."

ताई गाडीकडे वळली. दोन पावलं गेली असेल तोच काडी म्हणाली, "ताई, थांब." ताई मागे वळली तेव्हा तिचा चेहरा असा उजळला की मी खिडकीचा गज धरला. तिला वाटलं, राहा म्हणतेय. मलाही तेच वाटलं, म्हाताऱ्याची अक्कल.

"ॲप्रन राहिलाय अंगावर," काडी म्हणाली. "तो इथला आहे."

सकाळी ताई शेवटचं झाडून घ्यायला खोलीत गेली होती, तेव्हा घातलेला तसाच राहिला होता. पोटामुळे तिला पाठीमागची गाठ सुटेना. काडीने मागे जाऊन ती सोडली, ॲप्रन उतरवून घेतला. आणि मग सवयीने, काही मनात नसताना, तिने खिशातलं भिंग काढलं, ॲप्रनची बाही उजेडात धरली आणि खांद्यापासून मनगटापर्यंत तपासली. एका जागी थांबली. नखाने काहीतरी टिपलं, चिरडलं. मग दुसरी बाही.

ताई गाडीच्या दारात उभी राहून ते बघत होती. कपाळाला आठ्या पडल्या, मग त्या गेल्या, आणि तिचा हात आपसूक आपल्या बाहीवर गेला. तिला कळलं. काडीने मान वर केली तेव्हा काडीलाही कळलं, की तिला कळलंय.

"गाडी का निघत नाही?" बायको म्हणाली.

"ताई बघतेय."

"कुणाकडे?"

"काडीकडे."

"आणि काडी?"

काडीने दुसरी बाही पूर्ण तपासली, ॲप्रनची घडी घातली, काखेत मारली. "सावकाश चढ," ती ताईला म्हणाली, आणि फाटक लावून घेतलं.